तिला कोणी कळवायचे?

15 ऑगस्ट 2022 रोजी गोध्र्याच्या तुरुंगातून अकरा कैदी बाहेर पडले. 2002 च्या दंगलीत बिल्किस बानोवर झालेला सामूहिक बलात्कार आणि तिच्या तीन वर्षांच्या मुलीसह कुटुंबीयांचे खून, या गुन्ह्यांसाठी त्यांना जन्मठेप झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये हा खटला गुजरातबाहेर, मुंबईत आणला. 2008 मध्ये इथल्या विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावली आणि 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. इतकी वर्षे जी स्त्री घरे बदलत, भीती गिळत लढली, तिला सुटकेआधी एका शब्दानेही कोणी विचारले नाही.

8 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. शिक्षा महाराष्ट्रात झाली, तेव्हा माफीचा विचार करण्याचा अधिकार गुजरात सरकारला नव्हताच, हे त्यामागचे मुख्य कारण. निकाल योग्यच होता. पण उद्या अधिकार असलेल्या एखाद्या सरकारने असाच निर्णय घ्यायचे ठरवले, तर? शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाचे मत मागवण्याची तरतूद माफीच्या कलमात आहे. जिच्यावर गुन्हा घडला तिचे म्हणणे ऐका, असे तिथे आजही लिहिलेले नाही.

गुन्हा हा समाजाविरुद्धचा अपराध आहे, म्हणून खटला राज्याने चालवायचा, या विचाराला माझा विरोध नाही. त्यामुळेच गावातल्या धनदांडग्याविरुद्ध शेतमजुराला स्वतःच्या खिशातून वकील उभा करावा लागत नाही, आणि भावकीतल्या सुडालाही कुठेतरी आळा बसतो. पण राज्याने फिर्याद हातात घेताना फिर्यादीलाच दाराबाहेर बसवले. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचा खटला आठवा. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये पुन्हा सोडले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, याचा अर्थ संमती असा लावला गेला. या सगळ्या प्रवासात ती फक्त साक्षीदार होती. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. खटल्यातली तिची जागा मात्र तीच राहिली.

ती जागा हलली 31 डिसेंबर 2009 पासून. फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘पीडित’ या शब्दाची व्याख्या आली, आरोपी सुटला तर स्वतः अपील करण्याचा हक्क आला, सरकारी वकिलांच्या मदतीला आपला वकील देण्याची सोय झाली. त्या अपिलासाठी आधी परवानगी मागायची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितले. लखीमपूर खिरी प्रकरणात 2022 मध्ये ते आणखी पुढे गेले: तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला म्हणणे मांडण्याचा हक्क आहे.

आता कुठल्याही तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात चला. भिंतीवर बोर्ड लावलेला असतो, शिपाई पुकारा करतो, आरोपी आणि फिर्यादी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलेले असतात, कारण दुसरी जागाच नसते. सरकारी वकिलांच्या टेबलावर त्या दिवशीच्या फायलींचा ढीग असतो; ही बाई कोणत्या फायलीतली, हे त्यांना पैरवीचा पोलीस सांगतो. जामिनाच्या अर्जावर सरकारपक्षाचा ‘से’ दाखल होतो, हुकूम होतो. आणि आरोपी सुटल्याची बातमी तिला मिळते ती एसटी स्टँडवर तो समोर दिसल्यावर. अपिलाचा हक्क असो की बोलण्याचा, निकाल कधी लागला हेच कळले नाही तर तो वापरायचा कसा? मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ते हे.

याचे उत्तर आपल्याच कायद्यात एका ठिकाणी आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात 2016 पासून लागू झालेले कलम 15-अ सांगते की जामीन, सुटका, पॅरोल, शिक्षा, कशाचीही सुनावणी असो, पीडिताला वेळेवर कळवलेच पाहिजे. हे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले. अशी तरतूद प्रत्येक गंभीर गुन्ह्याला का नको? 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने थोडी वाट चालून दाखवली आहे: एफआयआरची प्रत पीडितालाही मोफत, 90 दिवसांत तपासाची प्रगती कळवणे, आणि सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर आधी पीडिताचे ऐकणे. सर्वसाधारण जामिनाबाबत मात्र ती गप्प आहे.

आरोपीच्या हक्कांवर याने गदा येईल, ही भीती मी गंभीरपणे घेतो. दोष सिद्ध होईपर्यंत तो निर्दोष, ही आपली कमाई आहे आणि पीडिताच्या अश्रूंनीही ती वाहून जाऊ नये. म्हणूनच पीडिताच्या वकिलाला साक्षीदाराची स्वतंत्र उलटतपासणी घेता येणार नाही, हा 2019 चा निकाल मला पटतो. राहिलेला प्रश्न तो सरकारी वकिलांमार्फत किंवा न्यायाधीशांच्या नजरेस आणून विचारता येतो. पण कळवण्याने कोणाचा हक्क कमी होतो? जामीन द्यायचाच असेल तर तिचे ऐकूनही देता येतो. निदान तिच्या गल्लीत फिरकायचे नाही, अशी अट तरी घालता येते.

नुकसानभरपाईचेही असेच. भुंकणाऱ्या कुत्र्याला मारण्यावरून शेताच्या कडेला भांडण पेटले आणि एक माणूस जिवानिशी गेला, अशा महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बजावले की, भरपाई द्यायची की नाही याचा विचार प्रत्येक न्यायालयाने केलाच पाहिजे आणि कारणेही लिहिली पाहिजेत. त्याच वर्षी राज्यात मनोधैर्य योजना आली. आज अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. पण असा अर्ज करता येतो, हे पोलीस ठाण्यातून निघताना तिला कोण सांगते?

प्रत्येक कोर्टात रोजनामा लिहिला जातो: कोण हजर, कोण गैरहजर, पुढची तारीख कोणती. त्यात आणखी एक ओळ हवी, ‘पीडितास कळवले: कधी, कसे’. ती ओळ कोरी असेल तर, अगदी तातडीचे कारण नोंदवल्याशिवाय, गंभीर गुन्ह्यातल्या जामिनाचा हुकूम होऊ नये. आणि शिक्षामाफीच्या प्रस्तावाला तिचे म्हणणे जोडलेले नसेल, तर तो मंत्रालयातून परत पाठवावा.