माफी कोणाकडे मागावी?

जनाजा उठण्यापूर्वी घरचे जबाबदार माणूस उभे राहून सांगते, "मरहूमकडे कोणाचे काही देणे असेल तर आम्हाला सांगा, नाहीतर माफ करा." मागच्या वर्षी चाचांच्या मुलीच्या, आमच्या आपाच्या जनाज्यापाशी आम्ही हे ऐकले आणि मान खाली घातली. आपाकडे आमचे काहीच येणे नव्हते. देणे आमच्याकडे होते.

आपाने आम्हाला पाटीवर अलिफ-बे गिरवायला शिकवले. सांदण केले की आमच्यासाठी दोन बाजूला काढून ठेवायची. १९९९ साली ती आठवीत होती, आम्ही पाचवीत. तालुक्याच्या उर्दू हायस्कूलला दोघे एकाच एस.टी.ने जायचो. एकदा आम्ही क्रिकेटच्या नादात गाडी चुकवली. आपा आमच्यासाठी थांबली. घरी दादीने दरडावून विचारताच मार चुकवण्यासाठी आम्ही बोलून गेलो, "आपा स्टँडवर कोणाशी तरी बोलत होती."

आपाने फक्त आमच्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवसापासून तिचे दप्तर खुंटीवर राहिले. मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २०१० साली लागू झाला. तेव्हा घरच्यांचा शब्द हाच कायदा होता.

शरियतनुसार नाबालिगाच्या चुकीची नोंद होत नाही. या आधारावर आम्ही स्वतःला अनेकदा सोडवून घेतले. पण बालिग झाल्यावरची वीसेक वर्षे? त्या काळात बी.एड. झालो, शिक्षक झालो, पहिले पेढे आपालाच दिले, आणि गप्प राहिलो. बोहतान मुलाचे होते. त्यावरचे मौन मात्र जाणत्या पुरुषाचे होते.

अल्लाहचा हक्क तौबा केल्याने माफ होऊ शकतो. बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ करावा लागतो, आणि तो बंदाच उरला नाही तर? उलमा सांगतात, त्याच्यासाठी दुआ करा, त्याच्या नावे सदका द्या. आम्ही दोन्ही केले. पण मनाला चैन पडेना. सदक्याने आमची मान थोडी वरच होत होती. आपाची मान मात्र जिथे खाली घातली गेली होती, तिथेच होती. पैसे चोरले असते तर वारसांना परत करता आले असते. अब्रू ज्यांच्यासमोर घेतली, त्यांच्यासमोरच परत करावी लागते.

दादी तर केव्हाच गेली. चाचा मात्र आहेत. रमजानपूर्वी आम्ही त्यांच्यासमोर बसून सारे सांगितले. ते बराच वेळ तस्बीह फिरवत राहिले. मग म्हणाले, "तिने एकदा सांगितलं होतं, मी कुणाशी बोलत नव्हते. मीच मानलं नाही."

त्यांनी आम्हाला माफ केले की नाही, ते बोलले नाहीत. आम्हीही विचारले नाही. आपाची मुलगी दाराआड उभी होती. ती यंदा आठवीत आहे. तिने सारे ऐकले, हे बरे झाले.

लाडक्या माणसाच्या आठवणी काढताना आपण सांदणाची गोडी सांगतो, पाटी सांगतो. आपला गुन्हा त्यातून हळूच वगळतो. अशी आठवण प्रेमाची असेल, पण इमानाची नसते. वाचकहो, तुमची आपा हयात असेल तर आजच तिच्याकडे जा.