गप्प बसलेल्यांचे मत

जमातीच्या बैठकीत विषय निघतो, दोन-तीन बुजुर्ग बोलतात, मग सदरसाहेब विचारतात, "किसी को एतराज?" कुणी बोलत नाही. इतिवृत्तात नोंद होते : ठराव एकमताने मंजूर. पुण्यातल्या उर्दू शाळांत शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना पालकसभेतही हेच दिसते. शाळेची वेळ दुपारची करायची असते. मागच्या बाकांवर आया मान खाली घालून बसलेल्या असतात. कोंढव्याहून बस बदलत येणारी मुलगी अंधार पडल्यावर घरी पोचणार, हे त्यांना ठाऊक असते. सभेत त्या बोलत नाहीत. महिन्याभराने मुलीचा दाखला काढायला येतात. आमच्या लेखी त्यांचे खरे मत ते.

मौनाचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न जुना आहे. इज्मा म्हणजे विद्वानांचे एकमत. काहींनी मत दिले आणि बाकीचे ते ऐकूनही गप्प राहिले, तर त्याला 'इज्मा-ए-सुकूती' म्हणतात. हनफी फकीहांनी बहुतांशी तो ग्राह्य धरला. इमाम शाफई (मृत्यू इ.स. ८२०) यांची प्रसिद्ध भूमिका अशी, की गप्प राहिलेल्याच्या नावावर कोणतेही मत लावता येत नाही. तो अजून विचार करीत असेल, भ्याला असेल, किंवा बोलून उपयोग नाही असे त्याला वाटत असेल. हनफींची बाजूही लेचीपेची नाही. प्रत्येकाच्या तोंडून होकार वदवायचा म्हटले तर एकमत व्हायचे कधी? पण त्यांनीही अटी घातल्या होत्या : विचाराला पुरेसा अवधी हवा आणि बोलण्याची भीती नको. आपल्यात कोकणातले शाफई, देशावरचे बहुतेक हनफी. सभेत बसलो की मात्र सगळेच हनफी होतो, तेही अटी वगळून!

या अटी पाळणारे एक लहानसे गाव महाराष्ट्रात आहे, गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा (लेखा). गाव गोंड आदिवासींचे. तिथली ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. बायका सभेत बसतात आणि बोलतात. कुणाचा विरोध राहिला तर विषय पुढच्या सभेवर जातो. शिवाय गावाचा अभ्यासगट आहे. तिथे नुसती चर्चा, ठराव नाही. हरण्या-जिंकण्याची धास्ती नसली की माणूस मोकळा बोलतो. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही रीत वर्षानुवर्षे जोपासली. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला.

तरीही सर्वसहमतीबद्दल आमच्या मनात एक शंका आहे. सगळे 'हो' म्हणेपर्यंत थांबायचे, म्हणजे तोवर जे चालू आहे ते चालू राहणार. त्यात ज्याचे बरे चालले आहे, त्याला घाई कसली?

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. समाजाचे एकमत त्यांच्या बाजूने नव्हते. एका दमात दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला २२ ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे एक्कावन्न वर्षांनी. तो निकालही एकमताचा नव्हता, तीन विरुद्ध दोन असा होता. मधल्या काळात "समाज अजून तयार नाही" हे वाक्य आम्ही किती जणांच्या तोंडून ऐकले! त्या समाजात तलाक मिळालेल्या बायका मोजल्या होत्या की नाही, ते मात्र कुणी सांगितले नाही.