नगण्य भाग

आपल्या माणसाने केलेली वस्तू आपण विकत घ्यावी, हा विचार आपल्याकडे इतका जुना आणि इतका ओळखीचा आहे की त्याबद्दल वेगळा प्रश्न सहसा मनात उठत नाही. सार्वजनिक काका 1877 च्या दिल्ली दरबाराला खादीचे कपडे घालून गेले. 1905 मध्ये पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. हे धडे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे, आणि स्वदेशी म्हणजे दुबळ्याने बलवानापुढे ताठ मानेने उभे राहणे, असा तिचा अर्थ मुलांना सांगत आलो आहे. बलवानाच्या घरीही स्वदेशीची आस असू शकते, आणि तीही तितकीच व्याकूळ असू शकते, हे मला ठाऊक नव्हते. ते मला अमेरिकेत, एका शेगडीच्या निमित्ताने कळले.

2025 च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. शिकागोपासून तासाभराच्या वाटेवर तिचे घर आहे. मे सरत आला की तिकडे घराघरांच्या मागल्या अंगणात शेगड्या पेटतात. या अंगणातल्या शेगडीला ती माणसे ग्रिल म्हणतात. कुणाची कोळशाची, कुणाची गॅसची. संध्याकाळी सगळ्या आळीवर एकच धूर तरंगत असतो. बहुतेकांच्या जाळीवर मांस असते, ताईच्या जाळीवर वांगी, पनीर आणि मक्याची कणसे. आपल्याकडे पावसाळ्यात गाडीवाल्यापाशी उभे राहून ज्या चवीने आपण कणीस खातो, त्याच चवीने मी ते तिथे खाल्ले. मका मूळचा त्याच खंडाचा, हे खाताना आठवले आणि थोडे हसू आले.

ताईच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ एकटे राहतात. पत्नी गेली, मुले दूरच्या राज्यांत. त्यांच्या जुन्या शेगडीचा तळ गंजून गळून पडला होता. नवी घ्यायची होती, पण अट एकच: ती अमेरिकेत बनलेली हवी. भाचा त्यांना गाडीतून दुकानात नेणार होता, मीही बरोबर गेलो.

ते दुकान म्हणजे एखादे गोदामच होते. शेगड्या ओळीने मांडलेल्या, काळ्या, लाल, चकचकीत पोलादी. म्हाताऱ्याने एकाही शेगडीचे झाकण उघडून पाहिले नाही. ते गुडघे टेकून खाली वाकत आणि तळाशी चिकटवलेली चिठ्ठी वाचत. एकीवर ‘चीनमध्ये बनवलेली’ असे स्वच्छ लिहिले होते. दुसरीवर ‘अमेरिकेत आखलेली’ एवढेच होते, घडवली कुठे याचा पत्ता मागे बारीक अक्षरांत. तिसरीवर ‘देशी व परदेशी सुट्या भागांपासून अमेरिकेत जुळवलेली’ असा मजकूर होता. माझे इंग्रजी बेताचे, तरीही व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला त्या चिठ्ठ्यांत रस वाटला. आखणे, जुळवणे, घडवणे या तीन क्रियापदांमध्ये किती समुद्र मावू शकतात!

या शेगडीचा वंश मोठा गमतीचा आहे. 1952 मध्ये शिकागोच्या वेबर ब्रदर्स या पत्र्याच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस कामाला होता. तिथे पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनत. वाऱ्याने आपल्या निखाऱ्यांची राख उडते म्हणून वैतागलेल्या या माणसाने बोयाचा गोल मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरच्याचे झाकण केले. आज जगभर दिसणारी गोल शेगडी ती हीच. तिच्यात जळणाऱ्या कोळशाच्या वड्यांमागे हेन्री फोर्ड आहे. मोटारींसाठी कापलेल्या लाकडाचे तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून त्याने 1920 च्या सुमारास त्यांच्या वड्या करायला घेतल्या. पण ‘बार्बेक्यू’ हा शब्द मात्र कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांचा, स्पॅनिश तोंडातून इंग्रजीत आलेला. अटलांटाच्या एका कंपनीचे प्रसिद्ध हिरवे, अंड्याच्या आकाराचे ग्रिल मेक्सिकोत बनते आणि त्याचा घाट जपानी आहे. ट्रेगर नावाची, लाकडाच्या गोळ्यांवर चालणारी शेगडी ऑरेगॉन राज्यातल्या माउंट एंजल गावी जन्मली, पुढे तिचे उत्पादन चीनला गेले. म्हणजे जन्म एकीकडे, घाट दुसरीकडचा, नाव तिसरीकडचे.

परतताना गाडीत मी म्हाताऱ्यांना धीर करून विचारले, ‘‘एवढा आग्रह कशासाठी?’’

ते म्हणाले, ‘‘मी एकतीस वर्षे प्रेसवर पत्रा दाबला. कारखाना बंद झाला तेव्हा आमचे साचे खोक्यांत भरून परदेशी गेले. ती खोकी ट्रकवर चढवायला मीच हात लावला. माझा कुणावर राग नाही. मी करीत होतो ते काम या देशात अजून कुणीतरी करते आहे, एवढे मला कळायला हवे.’’

मी गप्प राहिलो. त्यांना शेगडी हवी होती असे आता म्हणवेना. आपले आयुष्य वाया गेले नाही, याची त्यांना खूण हवी होती.

त्या रात्री भाच्याने मला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचे नियम वाचून दाखवले. ‘अमेरिकेत बनलेले’ असे बिनशर्त म्हणायचे असेल तर वस्तू संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण तिथेच बनलेली असली पाहिजे. हे धोरण 1997 मध्ये ठरले आणि 2021 मध्ये त्याला दंडाची धार असलेल्या नियमाचे रूप आले. व्यापाऱ्यांना समजावे म्हणून कमिशनने उदाहरणे दिली आहेत, आणि त्यांतले एक नेमके शेगडीचे आहे. नेवाडा राज्यात गॅसची शेगडी बनते. तिची झडप, बर्नर आणि ॲल्युमिनियमचे कवच अमेरिकेतले. फक्त फिरवायच्या गुंड्या आणि नळ्या मेक्सिकोतून आलेल्या. अशी शेगडी बिनशर्त अमेरिकी म्हणवून घेऊ शकते, कारण एकूण खर्चात त्या गुंड्यानळ्या नगण्य आहेत.

कायदा म्हणून यात मला काही खोट दिसत नाही. कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि ही रेघ प्रामाणिक माणसाने ओढलेली आहे. ग्राहकाला फसवू नये, एवढेच तिला साधायचे आहे. पण तो ‘नगण्य’ शब्द माझ्या डोक्यात रात्रभर वाजत राहिला. नगण्य कुणाच्या गणतीत? शेगडीच्या गणतीत गुंडी नगण्य खरी. पण मेक्सिकोत जी बाई दिवसभर गुंड्याच करते, तिचे काय? तिच्या घरचे भाडे, पोरांची फी, औषधपाणी हे सगळे त्या नगण्य गुंडीतूनच निघते. शेगडीचा जो अंश मोजायचा नाही असे ठरले, तो तिच्या आयुष्याचा पूर्णांक आहे.

कुणी म्हणेल, मास्तर, ही भावुकता झाली. माणसाने आधी जवळच्याचे पाहावे की जगाचे? प्रश्न रास्त आहे. गांधीजींनी 1916 मध्ये मद्रासच्या मिशनरी परिषदेत स्वदेशीची जी व्याख्या केली, तिच्यातही दूरचे सोडून निकटच्या परिसराची सेवा करण्यावरच भर होता. मला ते पटते. जो सगळ्यांवर सारखेच प्रेम करतो असे म्हणतो, तो बहुधा कुणासाठीच रात्री उठत नाही. आईने आपल्या पोराला आधी जेवू घातले तर तो अन्याय नव्हे. पण शेजारचे पोर उपाशी आहे हे दिसत असताना ते पोरच नाही असे ती म्हणू लागली, तर मात्र तो अन्याय. जवळच्यावर अधिक प्रेम करण्याची मुभा आहे. दूरच्याला शून्य लेखण्याची नाही.

कुणी उलट बाजूनेही बोलेल. जिथे स्वस्त होते तिथे वस्तू व्हावी, ग्राहकाचा पैसा वाचतो, दूरच्या गरिबालाही काम मिळते, मग एका म्हाताऱ्याच्या हळहळीचे काय एवढे? हा युक्तिवाद मला पहिल्यापेक्षा अधिक निर्दय वाटतो, कारण तो निर्दय दिसत नाही. स्वस्ताई आकाशातून पडत नाही. हजारो अंगणांत शेगडी काही डॉलरांनी स्वस्त झाली तेव्हा त्या फरकाची भरपाई प्रेसवरच्या या माणसाने आपल्या नोकरीने केली होती. त्या हिशेबाच्या वहीत त्यांचीही एकतीस वर्षे कुणीतरी नगण्य म्हणून लिहिली होती.

अखेर त्यांना हवी तशी शेगडी मिळाली. पर्याय अगदीच नव्हते असे नाही. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात 1948 पासून हेस्टी-बेक नावाची कोळशाची शेगडी बनते, पण ती मोठी आणि महाग. म्हाताऱ्यांनी घेतली ती लॉज कंपनीची छोटी, बिडाची. ही कंपनी 1896 पासून टेनेसी राज्यातल्या साउथ पिट्सबर्ग गावी बिडाचे ओतकाम करते. तिचीही एनॅमल चढवलेली काही भांडी चीनमधून येतात, पण हे साधे काळे बीड तिथलेच. शेगडीची ठेवण मात्र जपानी हिबाचीसारखी! म्हाताऱ्यांना ते सांगावे असे मला वाटले नाही. त्यांनी ती उलटी केली, तळावरून तळवा फिरवला. वाळूच्या साच्यात ओतलेल्या बिडावर वाळूच्या कणांचा बारीक खरखरीतपणा उरतो. तो त्यांच्या हाताला लागला आणि त्यांचा चेहरा निवळला.

जूनमध्ये मी परत आलो. त्याच महिन्यात अमेरिकेने आयात पोलाद आणि ॲल्युमिनियमवरची जकात 50 टक्के केली, आणि ऑगस्टअखेर भारतातून जाणाऱ्या बऱ्याचशा मालावरही तेवढीच जकात बसली. पुढे ते दर बदलत गेले, पण त्या पावसाळ्यात त्यांची झळ आमच्या कोल्हापूरपर्यंत आली. माझा एक जुना विद्यार्थी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत कामाला आहे. गणेशोत्सवात घरी आला. चहा पिताना म्हणाला, ‘‘सर, बाहेरची ऑर्डर थांबलीय. आठवड्यातले तीनच दिवस काम आहे.’’

मी विचारले, ‘‘तू नेमके काय करतोस?’’

त्याने खिशातून एक लहानसा ओतीव तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. बोटाएवढा. ‘‘याच्या कडा घासतो. हा कशात बसतो ते मला ठाऊक नाही, सर. खोक्यावर अमेरिकेचा पत्ता असतो, एवढंच.’’

मी त्या तुकड्यावरून अंगठा फिरवला. वाळूचा तोच खरखरीतपणा.

म्हातारे गृहस्थ दिवाळखोर नव्हते, दुष्टही नव्हते. आपल्या प्रेमाची जादा किंमत त्यांनी स्वतःच्या खिशातून मोजली, आणि अशा प्रेमाला मी नमस्कार करतो. जकात हे त्या प्रेमाचे सरकारी रूप, पण तिची किंमत मोजायला दुसरेच कुणी पुढे ढकलले जाते. या खेपेला त्यात माझा विद्यार्थी होता. मागच्या खेपेला, कारखाने हलले तेव्हा, ते गृहस्थ होते. दोघांची भेट कधी होणार नाही. झालीच तर एकाला दुसऱ्याचे काम समजावून सांगावे लागणार नाही. तरीही जगाने त्यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी करून ठेवले आहे.

यावर माझ्याकडे तोडगा नाही. राज्यकर्त्यांना जकाती बसवाव्या लागतील, उठवाव्या लागतील, आणि त्यांना रेघाही ओढाव्या लागतील. पण आता मी वर्गात स्वदेशीचा धडा शिकवतो तेव्हा एक वाक्य जास्त बोलतो. वस्तू कुठे बनली हे अवश्य विचारा, आणि खरे उत्तर मागा. मात्र उत्तर मिळाल्यावर थांबू नका. कुणाच्या हातांनी बनली, आणि आपल्या निवडीची किंमत कोण मोजतो आहे, हेही विचारा.

तो तुकडा मी मागून घेतला. टेबलावर वह्यांवर दाबण म्हणून ठेवला आहे. परवा एका मुलाने विचारले, ‘‘सर, हे काय आहे?’’ मी म्हटले, ‘‘एका यंत्राचा भाग आहे.’’

‘‘कोणता भाग?’’

नगण्य, असे म्हणणे माझ्या जिभेवर आले नाही.