सूर्याचं बटण

लोणची, कुरडया आणि उटणं यांच्याप्रमाणे सूर्यही घरच्या घरी करता येतो. साहित्य फारसं लागत नाही. दोन फूट अ‍ॅल्युमिनियमचं चॅनल, पांढऱ्या एलईडीच्या तीन पट्ट्या, १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, हातभर वायर आणि घरच्या मंडळींची सहनशक्ती. शेवटची वस्तू लॅमिंग्टन रोडवर मिळत नाही. बाकीच्या मिळतात.

आमच्या पेटीत मासे असले तरी खरी बिऱ्हाडं झाडांची आहेत. व्हॅलिसनेरिया, जावा फर्न अशी नावांनी परदेशी वाटणारी मंडळी. त्यातली व्हॅलिसनेरिया आपल्याकडच्या तळ्यांतही सुखानं नांदते. पेटी ठेवलीय त्या कोपऱ्यात मे महिन्यातसुद्धा ऊन फिरकत नाही. दुकानदारानं तयार दिव्याची जी किंमत सांगितली, तीत पुढच्या दिवाळीपर्यंतचं विजेचं बिलही धरलं असावं. म्हणून मी सोल्डरिंगची कांडी हातात घेतली.

एलईडी स्वभावानं मानी. तारा उलट्या जोडल्या तर भांडत नाही, फक्त पेटत नाही. डोकं तापलं की आयुष्य घटतं, हेही अगदी आपल्यासारखंच. म्हणून उष्णता ओढून घ्यायला पाठीशी अ‍ॅल्युमिनियम. आणि तिचा पांढरा उजेड हा मुळात पांढरा नसतोच. आत निळा दिवा, वरून पिवळ्या फॉस्फरचा लेप. ह्या निळ्या एलईडीसाठी २०१४ सालचं नोबेल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळालं. पाण्यात बागा फुलवायच्या कलेचा मोठा उस्तादही आमानोच, पण तो वेगळा : ताकाशी आमानो (१९५४–२०१५). एका आमानोनं दिवा दिला, दुसऱ्यानं बाग दाखवली. मध्ये मी आणि माझे भाजलेले अंगठे.

दिवा लागला आणि खरा प्रश्न तिथून सुरू झाला. तो विजेचा नव्हता. तो असा, की दिवस कधी उजाडायचा?

झाडांना आठेक तास उजेड पुरतो. त्याहून फार दिला की त्याचा फायदा शेवाळं घेतं. तेव्हा टायमर बसवला. दुपारी दोनला सूर्योदय, रात्री दहाला सूर्यास्त. दोनच का? कारण मी कचेरीतून सातला येतो आणि मला तीन तास बघायला मिळायला हवेत. सृष्टीचा क्रम ठरवण्यामागे एवढं उदात्त कारण होतं! देवानंही असंच काहीतरी आपल्या सोयीनं ठरवलं असेल, असा संशय मला तेव्हापासून आहे.

तशात नागपूरचे मामा आले. गाडीला उशीर, घरी पोचायला रात्रीचे अकरा. हातपाय धुतले, ताक प्याले आणि म्हणाले, ‘‘अरे, तुझे ते मासे दाखव बघू.’’

‘‘मामा, ते झोपलेत.’’

‘‘मग उठव की! बटण तर तुझ्याच हातात आहे.’’

नेमकं तिथंच तर दुखणं होतं. आमचे निऑन टेट्रा मूळचे अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले, सावलीतल्या, चहासारख्या तांबूस पाण्यात राहणारे. रात्री अंगावरची निळी पट्टीसुद्धा ते मंद करून ठेवतात. काळोखात एकदम दिवा पडला की बावरून सैरावैरा पळतात. शिवाय त्यांना पापण्या नसतात. तुमच्या-माझ्या तोंडावर कुणी बॅटरी मारली तर डोळे मिटून निषेध तरी नोंदवता येतो. ज्याला डोळे मिटता येत नाहीत, त्याच्यापुढे यजमानानं जरा जपून वागावं, असं माझं मत. पाहुणा कितीही मोठा असला तरी.

‘‘माशांना काय कळतंय?’’ मामा म्हणाले.

‘‘नसेलही कळत. पण मला कळतंय ना!’’

आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, ‘‘अहो, तुरुंगातसुद्धा दिवे वेळेवर मालवतात. त्यात एवढं पुण्य कसलं?’’

हे बोलणं मात्र जिव्हारी लागलं, कारण ते खरं आहे. काचेत कोंडायचं आणि झोपेची काळजी घ्यायची. पिंजऱ्याला वेळापत्रक टांगलं म्हणून काय त्याचा आश्रम होतो? पण बटण फेकून देऊन मी सुटत नाही. दिवा बंद ठेवला तर झाडं कुजतील. मासे समुद्रात सोडले तर गोड्या पाण्यातले ते जीव तासाभरातच मरतील. आपल्या गावच्या तळ्यात सोडणं हा तिथल्या माशांवर अन्याय. एकदा सूर्य झालं की राजीनामा देता येत नाही. फार तर सूर्यानं टायमर मोडू नये, स्वतःसाठी नाही आणि मामांसाठीही नाही.

मामा रुसून झोपले. सकाळी सहाला उठून अंधाऱ्या पेटीपुढे उभे राहिले. त्यांची परतीची गाडी दुपारी साडेबाराची होती. जाताना माझ्याशी नाही, पेटीशीच बोलले, ‘‘येतो रे. झोपा.’’