लगाम कोणाच्या हाती?

लखनौस नव्याने बदलून गेलेल्या मराठी माणसाने तेथील शेजाऱ्यास 'आमच्या आजोबांची तालीम कोल्हापुरात झाली' असे अभिमानाने सांगितले, तर शेजारी आदराने 'कोणत्या विषयात?' असे विचारील. त्याच्या भाषेत तालीम म्हणजे शिक्षण. अरबीत 'इल्म' म्हणजे ज्ञान, ते ज्याच्यापाशी आहे तो आलिम, जो देतो तो मुअल्लिम, आणि देण्याची क्रिया ती तालीम. मराठीत आल्यावर मात्र हा शब्द लंगोट कसून तांबड्या मातीत उतरला. आमच्याकडे तालीम म्हणजे हौदा, जोर-बैठका, मारुतीची मूर्ती आणि वस्ताद. वस्ताद हाही मूळचा उस्तादच. उत्तरेत तो गाणे शिकवितो, आमच्याकडे धोबीपछाड. ज्ञानाचे घर आणि कुस्तीचे घर यांस एकच नाव देणारी आमची भाषा नाटकाच्या पूर्वसरावासही तालीमच म्हणते. १९३७ साली वर्ध्यास मांडलेल्या गांधीजींच्या शिक्षणयोजनेस 'नई तालीम' हे नाव मिळाले, तेव्हा त्या बाजूच्या एखाद्या पैलवानाने नव्या आखाड्याची चौकशी केली असेल, तर त्यास हसण्याचे कारण नाही.

ही गंमत येथेच सोडता आली असती. परंतु परप्रांती राहणाऱ्या माणसाच्या कानांवर रोज चार भाषा पडतात, आणि व्यायामाच्या बाबतीत या भाषा जे बोलतात ते आमच्या सुशिक्षित समजुतीच्या अगदी उलट आहे. शरीर कमावणे ही शरीराची बाब व नीती ही मनाची, अशी वाटणी आपल्या वर्गाने केव्हाच करून टाकली आहे. व्यायाम न करणारा मनुष्य फार तर आळशी ठरतो. त्यास कोणी दोषी म्हणत नाही. प्राचीन ग्रीक लोक म्हणत असत. झेनोफनने लिहून ठेवलेल्या आठवणींत सॉक्रेटिस हा एपिजिनीस नावाच्या तरुणास त्याच्या ढिल्या शरीराबद्दल चांगलाच खडसावतो. शरीर कच्चे ठेवण्याचा नागरिकास अधिकारच नाही, असे त्याचे म्हणणे. त्याच ग्रीकांचा 'आस्केसिस' हा शब्द प्रथम सरावाचा होता, मल्लाच्या सरावाचा होता. पुढे तोच तपश्चर्येचा झाला, आणि युरोपातील वैराग्यवाचक शब्द त्यातूनच निघाले. आपल्याकडे याची साक्ष पटविण्यास ग्रीसपर्यंत जाण्याचे कारण नाही. आखाडा मल्लांचा असतो आणि कुंभमेळ्यात स्नानास निघणाऱ्या साधूंचाही असतो.

इतर भाषांतही असेच. तमिळमध्ये व्यायामास 'उडर्पयिर्ची' म्हणतात; 'पयिल' म्हणजे शिकणे, सराव करणे, तेव्हा अर्थ झाला देहाचा अभ्यास. बंगालीत 'शरीरचर्चा' असा शब्द आहे. तेथे चर्चा म्हणजे अनुशीलन. मराठी कारकुनास मात्र हा शब्द फारच सोयीचा वाटावा, कारण रक्तदाब आणि मधुमेह यांच्या निमित्ताने शरीराची चर्चा आम्ही मधल्या सुट्टीत रोज करीतच असतो. तालमीतील पैलवान व्यायामास 'मेहनत' म्हणतो. हा शब्द अरबीत परीक्षा, संकट, छळ या अर्थाचा आहे. ज्याने पहाटे उठून हजार बैठका मारल्या असतील त्यास या व्युत्पत्तीचे आश्चर्य वाटणार नाही.

पण आम्हांस सर्वांत विचार करावयास लावले ते 'रियाज' आणि 'व्यायाम' या दोन शब्दांनी. गवई रियाज करतो. अरबीत याच धातूपासून झालेला 'रियाझा' हा शब्द आज खेळ व व्यायाम यांस लावतात, गणितास 'रियाझियात' म्हणतात, आणि उर्दूत 'रियाज़त' म्हणजे साधना, देहदंड. या सर्वांच्या मुळाशी असलेली क्रिया आहे शिंगरू माणसाळविण्याची. उधळणाऱ्या घोड्यास हळूहळू लगामाची सवय लावणे हा त्या धातूचा अर्थ. आता संस्कृतकडे पाहावे. व्यायाम म्हणजे वि, आ आणि यम्. यम् म्हणजे आवरणे, धरून ठेवणे, ताणणे. संयम, नियम, प्राणायाम हे सारे याच घरातले. आणि घोड्यांचे लगाम धरणारा सारथी तो यन्ता, तोही याच घरातला. कठोपनिषदात शरीर हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम व बुद्धी हा सारथी असे रूपक आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. एकमेकींशी काडीचे नाते नसलेल्या या दोन भाषा शरीराच्या कष्टाचा विचार करू लागल्या, आणि दोघींनाही घोडाच आठवला.

मग शरीर बाजूला ठेवून हा शब्द थेट मनास लावण्यास कितीसा वेळ लागणार? बुद्धाच्या अष्टांगिक मार्गातील सहावे अंग पालीत 'सम्मा वायाम' म्हणून सांगितले आहे, म्हणजेच सम्यक् व्यायाम. मनात न आलेले पाप येऊ न देणे, आलेले घालविणे, न आलेले पुण्य आणणे, आलेले टिकविणे, हा चौपदरी प्रयत्न म्हणजे सम्यक् व्यायाम. १९५६ साली नागपूरच्या दीक्षेनंतर महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत हा शब्द पोहोचला. या घरांतील मुलास व्यायामाचा तालमीपलीकडचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की शब्दांनीच निकाल दिला: व्यायाम हे नैतिक कर्म आहे. असा निकाल घेण्यास आम्ही तयार नाही. व्युत्पत्ती हा पुरावा नव्हे, आणि तिच्यावर विश्वासून राष्ट्रे फसली आहेत. फ्रीडरिश लुडविग यान याने १८११ साली बर्लिनजवळ हाझेनहाइड येथे तरुणांसाठी खुले व्यायामांगण काढले. नेपोलियनने तुडविलेल्या प्रशियात नवे रक्त घालावे हा त्याचा हेतू. 'जिम्नास्टिक' हा परका शब्द त्यास नको होता. त्याने 'टुर्नेन' हा शब्द रूढ केला, आणि तो अस्सल जर्मन मातीतला आहे अशी त्याची श्रद्धा होती. पुढे पंडितांनी शोधले तो तो निघाला लॅटिनवरून आलेला आणि त्यामागे ग्रीक; मूळ अर्थ, लाकूड गोल फिरवून तासण्याच्या यंत्रावर घडविणे. मुलांस कातून एकाच आकाराचे करणे हा अर्थ यानच्या कार्यास इतका चपखल बसतो, की त्याने तो जाणूनबुजूनच निवडला असे वाटावे! पण सरकारास हे कातीव तरुण रुचले नाहीत. १८१९ साली यानला अटक झाली आणि १८२० पासून १८४२ पर्यंत प्रशियात टुर्नेनवर बंदी होती.

बोहेमियात हेच अधिक स्पष्ट दिसते. १८६२ साली मिरोस्लाव तिर्श याने प्रागमध्ये 'सोकोल' म्हणजे ससाणा या नावाची व्यायामसंस्था काढली आणि व्यायामाची चेक परिभाषा स्वतः घडविली, कारण परक्याच्या आज्ञेवर हात वर करावयाचा नाही हा त्याचा बाणा. १९४१ साली नाझींनी सोकोल मोडली. साम्यवादी राजवट आल्यावर ती पुन्हा दडपली गेली, आणि १९५५ पासून प्रागच्या स्त्राहोव क्रीडांगणावर, जेथे पूर्वी सोकोलचे मेळे भरत, तेथे सरकारी 'स्पार्टाकियाड' भरू लागल्या. तेच मैदान, तशीच हजारो शरीरे, तशीच एका तालात हलणारी. लगाम मात्र दुसऱ्या हाती.

आमच्या मते खरा नैतिक प्रश्न येथे आहे. घोडा माणसाळला की नाही हा प्रश्न शरीरशिक्षकाचा. त्यावर स्वार कोण झाला, हा नीतीचा. लॅटिनमध्ये ज्या क्रियापदावरून इंग्रजी 'एक्सरसाइज' आला, त्याचा अर्थ राबविणे, स्वस्थ बसू न देणे. आणि त्यावरूनच झालेला 'एक्सेर्सितुस' हा शब्द सैन्यास लावीत. संन्यासी आणि सैनिक या दोघांचेही शरीर सारखेच कसलेले असू शकते. एकाने स्वतःस आवरले आहे, दुसऱ्यास दुसऱ्याने आवरून धरले आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्यास भेद दिसत नाही. आम्हां सरकारी नोकरांस तर हा भेद विसरण्याची फारच सोय आहे. शिस्त हा आमच्या नोकरीतील सर्वांत मोठा गुण मानला जातो, आणि तो गुण की केवळ सवय, याची चौकशी कोणी करीत नाही.

सरकारदरबारी शरीरासाठी एकच शब्द आहे: 'फिट'. नोकरीवर रुजू होताना डॉक्टरने तो कागदावर लिहून द्यावा लागतो. २०१५ पासून २१ जूनला योगदिनाच्या सतरंज्या अंथरल्या जातात आणि २०१९ साली 'फिट इंडिया' ही मोहीम निघाली. दोहोंसही आमचा विरोध नाही, चार माणसे पाठीचा कणा सरळ करून बसली तर त्यात वाईट काय? पण वर सांगितलेल्या सर्व शब्दांपेक्षा हा शब्द वेगळा आहे. तालीम, रियाज, आस्केसिस, व्यायाम यांत करणारा कोणीतरी आहे, त्याने स्वतःशी काही करावयाचे आहे. 'फिट' म्हणजे बसणारा, योग्य. कशासाठी योग्य, हे दुसरा ठरविणार. खिळा भोकात फिट बसतो.

आयुर्वेद या बाबतीत अधिक सावध आहे. शरीरास स्थैर्य व बल देणारी हालचाल म्हणजे व्यायाम असे सांगून चरक लगेच बजावतो, की ती मात्रेने करावी. सुश्रुताने तर मापच दिले आहे: आपल्या बळाच्या अर्ध्यापर्यंत. श्वास तोंडाने घ्यावासा वाटू लागला, की अर्धे बळ संपले असे समजून थांबावे. शर्यतीच्या किंवा संचलनाच्या मैदानावर हा नियम चालणार नाही, कारण तेथे थांबण्याचा क्षण दुसरा ठरवितो. सुश्रुताने तो ज्याच्या त्याच्या छातीवर सोपविला आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो खरा आहे. कोणतेही शिंगरू स्वतः स्वतःस माणसाळवीत नाही. आरंभी लगाम दुसऱ्याच्याच हाती असावा लागतो. वस्तादाने पहाटे चारला दार ठोठावले नसते, तर किती पैलवान उठले असते? हे मान्य करूनही आम्हांस वस्ताद आणि सेनापती यांत फरक दिसतो. सेनापतीस आपल्यासारखा दुसरा सेनापती घडवावयाचा नसतो. वस्तादास मात्र आपल्यामागे वस्ताद हवा असतो, म्हणून त्यास एके दिवशी लगाम शागिर्दाच्या हाती द्यावाच लागतो. बडोद्यास हे घडलेले आहे. जुम्मादादा हे तेथील मुसलमान उस्ताद. माणिकराव हे त्यांचे हिंदू शिष्य. माणिकराव स्वतः नामवंत झाले, शेकडो मुलांस त्यांनी तयार केले. ज्या संस्थेत त्यांनी हे केले, तिचे नाव त्यांनी ठेविले 'जुम्मादादा व्यायाममंदिर': एक शब्द उस्तादाचा, दुसरा संस्कृतचा.