शिफारशीचे प्रामाण्य

व्यावसायिक सल्लागाराने आपल्या अशिलाला दुसऱ्या सल्लागाराचे नाव सुचवणे ही व्यवहारातली सोय आहे. पण तिच्या मुळाशी ज्ञानाचा आणि नीतीचा प्रश्न आहे. जे स्वतःला पारखता येत नाही, त्याबाबत दुसऱ्याच्या शब्दावर केव्हा विसंबावे? आणि तो शब्द देणाऱ्यावर कोणते कर्तव्य येते?

मुंबईच्या उपनगरांत पुनर्विकासामुळे हा प्रश्न घरोघरी पोहोचला आहे. बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या जुन्या सोसायटीला वकील, सीए, वास्तुविशारद आणि प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार एकाच वेळी लागतात. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ)खालील ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने पुनर्विकासाची कार्यपद्धती घालून दिली आहे. तरीही सभेपुढे कोणाची नावे येणार, हे अनेकदा ओळखीच्या सीएने किंवा वकिलाने टाकलेल्या शब्दावर अवलंबून असते.

गौतमाच्या न्यायसूत्रांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. आप्ताचा उपदेश म्हणजे शब्दप्रमाण. भाष्यकार वात्स्यायनांच्या मते, ज्याने विषय साक्षात जाणला आहे आणि जसा जाणला तसाच सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते. म्हणजे आप्तपण कुळावर किंवा प्रतिष्ठेवर नव्हे, तर जाणणे आणि हेतू यांवर ठरते.

पहिली कसोटी जाणण्याची. ‘माणूस चांगला आहे’ एवढ्यावर शिफारस उभी राहत नाही. सुचवलेल्या वकिलाने सोसायटीचा विकसन करार तपासला आहे का, त्याचे काम आपण प्रत्यक्ष पाहिले आहे का, हे सांगता आले पाहिजे.

दुसरी कसोटी हेतूची. ती कमिशनपाशी मोडते. कमिशन घेऊन सुचवलेले नाव उत्तम असू शकते, पण ते गुणामुळे आले की पैशामुळे, हे अशिलाला कळण्याचा मार्ग उरत नाही. जैन तत्त्वार्थसूत्र न दिलेले घेण्याला चोरी म्हणते. अशिलाच्या नकळत त्याच्या फीमधून निघालेला वाटा याच व्याख्येत बसतो. तो उघड केला तर चोरीचा दोष जातो, पक्षपाताची शंका मात्र राहते. म्हणूनच व्यवसायांचे नियम आणखी पुढे जातात. १९४९ चा सनदी लेखापाल अधिनियम, काही विहित व्यावसायिकांचा अपवाद सोडता, सीएला सीए नसलेल्यांच्या व्यावसायिक नफ्यात वाटा घेऊ देत नाही. वकिलाला वकील नसलेल्याशी फी वाटून घेता येत नाही. डॉक्टरांची ‘कट प्रॅक्टिस’ २००२ च्या आचारसंहितेने निषिद्ध ठरवली आहे.

या दोन कसोट्या सांभाळल्या की शिफारस सोपी करण्यात गैर काही नाही. कोण कोणत्या कामात तयार आहे आणि फी कशी आकारतो याची टिपणे ठेवावीत. शक्यतो दोन-तीन नावे त्यांच्यातील फरकासह द्यावीत. नाते किंवा भागीदारी असल्यास आधीच सांगावी. अशिलाची कागदपत्रे त्याच्या संमतीशिवाय पुढे पाठवू नयेत, आणि काम झाल्यावर अनुभव विचारावा.

शेवटच्या पायरीवर जबाबदारीची मर्यादा ठरते. प्रामाणिकपणे सुचवलेल्या माणसाचे काम बिघडले, तर त्या फळाचा दोष सुचवणाऱ्याकडे पूर्णपणे जात नाही. मात्र काम बिघडल्याचे कळूनही तेच नाव तो पुढच्या सोसायटीला देत राहिला, तर तो जाणतो ते सांगत नाही. त्याचे आप्तपण तिथे संपते.