मोजणाऱ्याचा धर्म

शास्त्र शास्त्रज्ञांनी करावे आणि इतरांनी त्याची फळे तेवढी भोगावीत, अशी एक समजूत आपल्यात रूढ आहे. ती आता टिकण्यासारखी नाही. सन २००७ मध्ये ‘गॅलॅक्सी झू’ नामक उपक्रमाने सुमारे नऊ लक्ष दीर्घिकांची छायाचित्रे सर्वसामान्य लोकांपुढे वर्गीकरणासाठी ठेवली. हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला त्यांत एक अपूर्व वायुमेघ आढळला आणि पुढे त्यावरील शोधनिबंधाच्या लेखकांत तिचेही नाव आले. आपल्या देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा २०२० सालचा अहवालही साडेपंधरा हजारांवर निरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींवर उभा आहे.

या कार्याच्या उपयुक्ततेविषयी वाद नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्याला वेतन नाही, पदवी नाही, पहाटेच्या वेळी ज्याच्याजवळ दुसरा साक्षीदारही नाही, त्याने कोणता धर्म पाळावा?

पहिला धर्म सत्याचा. परंतु सत्य म्हणजे केवळ खोटे न लिहिणे नव्हे. दुर्मिळ पक्षी टिपून कावळा गाळणारा असत्य बोलत नाही. तरीही त्याची यादी उणी राहते. यादी पूर्ण असेल तरच ‘दिसला नाही’ या शब्दांना अर्थ येतो. चिमणी नामशेष होत चालली, असे जो तो हळहळून म्हणत असे. याद्या जुळविल्या तेव्हा दिसले ते असे की, मोठ्या शहरांत ती घटली असली तरी देशभरात साधारण स्थिर आहे. देवस्थानच्या वहीत सोन्याचा दागिना आणि रुपयाची दक्षिणा एकाच शाईने लिहितात, ते उगीच नव्हे.

दुसरा धर्म संयमाचा. दुर्मिळ पक्ष्याचे घरटे वा राईतील औषधी कोठे आहे, हे चव्हाट्यावर सांगितल्यास शिकारी व व्यापारी तेथे आधी पोहोचतात. म्हणूनच ‘ईबर्ड’ या नोंदसंग्रहात संकटग्रस्त पक्ष्यांची नेमकी ठिकाणे सर्वांस दाखवीत नाहीत. अभ्यासकापासून लपविणे आणि बाजारापासून जपणे, यांतील विवेक निरीक्षकाने ओळखला पाहिजे.

येथे कोणी विचारील की, सेवा निष्काम असावी, मग श्रेयाची अपेक्षा का? आमचे उत्तर असे की, निष्कामता हे करणाऱ्याचे व्रत आहे. घेणाऱ्याची सबब नव्हे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात देवराया अभ्यासिल्या. त्या राया ग्रामस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या नावे राखल्या होत्या, म्हणून अभ्यासास उरल्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याखालील लोकनोंदवहीही स्थानिकांस विचारूनच करावयाची असते. ज्यांच्याकडून ज्ञान घेतले, त्यांना त्यांच्या भाषेत ते परत सांगणे, हे विद्वानांवरील ऋणच होय.

सत्तरीतील निरंकाराच्या राईसारखी वने आणि देवळांच्या तळ्या आजही आपल्याजवळ आहेत. तेथे वर्षभर नेमाने नोंद ठेवण्यास महाजनांनी व तरुणांनी पुढे यावे. तळीवर आज एकही बगळा आला नाही, तर तेही त्या दिवसाच्या पानावर लिहावे.